सासूबाईंनी काढलेला गंज

सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आल्या, त्या सकाळी बेळगावची बस त्यांना के. आर. पुरमला सोडून गेली. मी गाडी घेऊन गेलो होतो. रात्रभर प्रवास करून आलेल्या सासूनं आधी जावयाची चौकशी करावी, निदान लेकीची तरी. यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि वाकून गाडीच्या पुढच्या चाकाकडे पाहिलं.

"गंज चढलाय की हो," त्या म्हणाल्या.

चाकाच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, ज्याच्यावर सगळं चाक बसतं, त्याला हब म्हणतात. आमच्या जुन्या गाडीच्या चारही हबांवर तांबूस पापुद्रे सुटले होते. मला ते कधी दिसलेच नव्हते. मी म्हटलं, "आई, त्यानं गाडीला काही होत नाही."

"होत नसंल. पण दिसतंय की."

महादेवपुऱ्यातल्या घरापर्यंत त्या विषयावर काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, विसरल्या.

रविवारी सकाळी मी स्वतःच पुढाकार घेतला. जावयाची अब्रू होती. आदल्या दिवशी चार व्हिडिओ पाहून तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, थिनर आणि चंदेरी रंगाचा डबा आणला होता. पार्किंगमध्ये मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला, पुढचं डावं चाक काढलं आणि खबरदारी म्हणून ते गाडीखालीच आडवं सरकवलं. इथवर व्हिडिओप्रमाणे झालं. मग हबवर ब्रश घासायला लागलो. दहा मिनिटांत माझा खांदा भरून आला आणि गंज होता तिथंच होता.

तेवढ्यात सासूबाई खाली आल्या. हातात पातेलं, पातेल्यात कोळलेली चिंच आणि मीठ.

"सरका."

"आई, ही गाडी आहे."

"लोखंडच न्हवं? तव्याला चालतंय ते ह्याला का चालू नये?"

त्यांनी पदर खोचला, मी बसायला अंथरलेल्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर बसल्या आणि नारळाच्या शेंडीनं हबला चिंच चोळू लागल्या. मी बाजूला उभा राहिलो. हातात काही नसलेला माणूस जसा उभा राहतो तसा, कमरेवर हात ठेवून. नेमके त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरचे काका फिरून आले.

हे काका बँकेतून निवृत्त झालेले. मी कन्नड शिकतोय असं एकदा लिफ्टमध्ये फुशारकीनं सांगितल्यापासून ते माझ्याशी कन्नडखेरीज बोलत नसत. माझं कन्नड म्हणजे 'स्वल्प' आणि 'सरी'. एकाचा अर्थ थोडं, दुसऱ्याचा बरं. एवढ्यावर मी दोन वर्षं त्यांच्याशी गप्पा मारत होतो.

काकांनी सासूबाईंकडे पाहिलं आणि मला विचारलं, "इवरु निम्म तायीना?"

मला त्यात ताई ऐकू आली. सासूबाईंना माझी बहीण समजतात म्हणजे कमालच! मी हसत जोरात मान हलवली. "नो, नो!"

कन्नडात तायी म्हणजे आई, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

काकांचा चेहरा जरा बदलला. "केलसदवरा?"

केलस म्हणजे काम, हे मला पक्कं येत होतं. काम चाललंय का, असं विचारताहेत. "सरी, सरी," मी म्हणालो. "केलस!"

मग काका थेट सासूबाईंकडे वळले आणि बराच वेळ बोलले. सासूबाई बेळगावच्या, त्यांना कन्नड मराठीइतकंच येतं. त्यांनी हात न थांबवता सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, आणि मग माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाल्या, "हे विचारालेत, त्यांच्या घरी भांड्याला येशील का म्हणून. चार माणसं हायती. तुमची परवानगी पायजे म्हणे."

मी कमरेवरचे हात खाली घेतले.

"मी त्यांना सांगते, जावयाचं काम आधी उरकू दे," असं म्हणून त्यांनी ते कन्नडात सांगितलं. 'अळिया' म्हणजे जावई हाही शब्द मी त्याच दिवशी शिकलो, कारण तो ऐकताच काका दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी हात जोडले. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्याला भाषा लागत नव्हती. सासूला गाडी धुवायला बसवून वर तिला कामवाली सांगणारा माणूस!

सासूबाईंनीच माझी सुटका केली. "तसं काही न्हाई," त्यांनी काकांना समजावलं आणि मलाही भाषांतर करून ऐकवलं. "पोरगा चांगला हाय. त्याला फक्त काही येत न्हाई."

काका प्रायश्चित्त म्हणून तिथंच थांबले. चिंचेनं गंज मऊ पडला होता. सासूबाईंनी हब धुऊन पुसला, माझ्याकडून पॉलिश पेपर मारून घेतला, थिनरच्या बोळ्यानं तेलकटपणा काढला. ब्रेकच्या तबकडीला आणि चाक टेकतं त्या जागेला रंग लागता कामा नये, हे मी व्हिडिओतून शिकलो होतो. माझं तेवढं एकच वाक्य मान्य झालं. तिथं कागद आणि टेप लावून त्यांनी चंदेरी हात दिला. एकही ओघळ नाही.

रंग वाळल्यावर कागद काढले आणि त्यांनी लेकीला हाक मारून लाल नेलपॉलिश मागवलं. बायको बाटली घेऊन धावत आली. तिला वाटलं आईला बाहेर जायचंय.

"काका, हळू फिरवा," सासूबाई कन्नडात म्हणाल्या. काका दोन्ही हातांनी तबकडी फिरवू लागले. सासूबाईंनी ब्रश एका जागी धरला, श्वास रोखला. हबच्या काठाभोवती केसासारखी लाल रेघ उमटत गेली आणि सुरुवात झाली होती तिथंच येऊन मिळाली.

"आई, हे कुठं शिकलीस?" बायकोनं विचारलं.

"माझ्या बाबांचं सायकलचं दुकान होतं की खानापूरला. मडगार्डवरच्या रेघा मीच मारायची. लग्न ठरलं तेव्हा म्हणाले, सासरी सांगू नको, पोरीची जात आणि सायकल दुरुस्त करते म्हणतील." त्यांनी झाकण घट्ट लावून बाटली लेकीला परत दिली. "मग काय, ऱ्हाऊन गेलं सांगायचं."

बायको आईच्या शेजारी खाली बसली आणि ती रेघ जवळून बघत राहिली. काकांनी मला इंग्रजीत सांगितलं की यापुढे आपण इंग्रजीतच बोलू या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आणखी दोन चाकं केली. चौथ्याला मात्र हात लावला नाही. परत निघताना म्हणाल्या, "तेवढं तुम्ही करा. येतंय आता तुम्हाला."

पुढच्या रविवारी मी केलं. डाव्या हातानं फिरवत, उजव्या हातानं रेघ मारली, ती थोडी इकडेतिकडे गेली, तरी फोटो काढला आणि त्यांना पाठवला. पाचच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी काळजीनं विचारलं, "पण अहो, चाक गोलच हाय न्हवं ते?"