मोटार आली आणि म्हशीनं दूध चोरलं

ऐकाच, हे सांगितल्याबिगर मला राहवणारच न्हाई!

मी सातवीत असताना आमच्या गोठ्यात कडबा कापायची मशीन होती, डिझेल इंजिनावर चालणारी. इंजिन कसलं, राक्षस! आण्णा, म्हणजे माझे वडील, रोज दोन टायमाला, धार काढायच्या आधी, हँडल मारायचे. मग ते खोकायचं, धूर ओकायचं आणि डुग-डुग-डुग! गल्लीतली भांडी फळीवरनं खाली यायची. गल्लीत टीव्ही कुणाकडंच नव्हता, करमणूक हीच! एकदा हँडल उलटं फिरलं आणि आण्णांचं मनगट सुजून टम्म. झालं! आठवड्यात इलेक्ट्रिक मोटार हजर. इंजिन त्याच दिवशी बैलगाडीत घालून गडमुडशिंगीच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकलं.

मोटारीला हळदकुंकू, नारळ, सगळं साग्रसंगीत. आण्णांनी करंगळीनं बटण दाबलं. घूंऽऽ. एवढंच!

"बघा, आता माणसागत बोलताबी येतंय," आण्णा म्हणाले.

"व्हय, आणि तुमची भांडणं आमाला नीट ऐकू येतील की!" शेजारची काकू.

संध्याकाळी गिऱ्हाईकं आली. आमच्याकडं दूध समोर म्हैस पिळूनच मिळायचं. तालमीतले पाच-सहा पैलवान पितळी पेले घेऊन ओळीनं उभे राहायचे आणि फेसासकट तिथंच प्यायचे. आण्णा म्हशीखाली बसले. कास धुतली, सड ओढले. थेंब न्हाई! पुढं कापलेला कडबा टाकला, वर सरकीची पेंड, पाठीवर थाप. म्हैस आपली निवांत रवंथ करतीया.

"आण्णा, दूध देताय का नुसतं दर्शन?" एक पैलवान म्हणाला.

"थांबा की जरा, सोडती पान्हा."

"समोरच्या गोठ्यात सोडलाय बघा!" म्हणत दोघं खरंच तिकडं निघाले. आणि तो समोरचा गोठेवाला हात हलवून बोलवतोय, "या पावणं, या!" आजोबांच्या वेळेपासनं धरून ठेवलेली गिऱ्हाईकं ओ! आण्णांचा चेहरा असा उतरला की मला बघवंना.

तेवढ्यात आई आतनं ओरडली, "अवं, तिला इंजिन पायजे! डुगडुग ऐकल्याबिगर कधी पान्हा सोडलाय का तिनं?"

आणि इंजिन तर गडमुडशिंगीत!

मी लगेच सुरू केलं, डुगडुगडुगडुग! म्हशीनं कान हलवले आणि भला मोठा पो टाकला.

"तुझं इंजिन लई पळतंय," पैलवान म्हणाला. "मालकाचा आवाज पायजे."

सगळे आण्णांकडं बघाय लागले. आण्णा म्हणाले, "मी न्हाई. चारचौघांत काय हे!" पण तिसऱ्या पैलवानानं पेला उचलला, दाराकडं वळला, आणि आण्णांनी घसा खाकरला. आधी हुबेहूब इंजिनागत तीनदा खोकले. मग डुग... डुग... डुग...

दुसऱ्या एका पैलवानानं तेलाच्या डब्यावर ताल धरला. म्हशीची रवंथ थांबली. कास टरारली!

"बंद करू नका!" म्हणत आई बादली घेऊन खाली बसली. आण्णांनी दम घेतला की धार बारीक, डुगडुग केली की जोरात! तिसरा पैलवान दारातनं माघारी आला, गेलेले दोघंबी पळत आले आणि त्यांच्या मागनं तो समोरचा गोठेवाला, तोंड उघडं टाकून. सगळे पेले भरले.

शेवटचा पेला पैलवानानं आण्णांच्या हातात दिला. घामानं भिजलेले आण्णा, तोंडातनं आवाजच फुटंना.

"घ्या मालक, डिझेल भरा," पैलवान म्हणाला. "सकाळी पाचला परत येतोय आमी."