गोल झालेले तीन नट

वेणूचा दिवस साडेपाचला सुरू होई. घरातला नव्हे, गॅरेजातला. पनवेल-उरण रस्त्यालगत परेशचं गॅरेज आहे. ते नऊला उघडतं. झाडलोटीसाठी त्याची एक किल्ली वेणूकडे असे. साडेपाचला ती शटर अर्धं वर करी, आदल्या दिवशी जे नट सुटले नाहीत त्यांच्यावर डिझेल आणि ऑइल मिसळून थेंब थेंब सोडी आणि घरी परत येई. मग पाणी भरणं, भाकऱ्या, डबा. नऊला ती पुन्हा हजर होई तेव्हा तेलाला साडेतीन तास मिळालेले असत.

लोक म्हणत, वेणूच्या हाताला गुण आहे. मी तळोज्याला तीस वर्षं फिटर होतो. असा काही गुण नसतो. तेलाला मुरायला वेळ लागतो आणि तो वेळ कुणीतरी स्वतःच्या झोपेतून काढून द्यावा लागतो.

वेणू मिठागरवाल्यांची. माहेरी मीठ, सासरीही मीठ. पण मिठागर त्यांच्या मालकीचं नव्हतं, ते तिथले मजूर. मिठागरावर भराव पडला तेव्हा ज्यांच्या जमिनी होत्या त्यांचे बंगले उठले. मजुरांना दुसरं काम शोधावं लागलं. तिचा नवरा महादेव द्रोणागिरीला एका गोदामावर वॉचमन झाला. वेणू परेशकडे लागली. परेश गावच्याच पाटलाचा मुलगा, तिच्या डोळ्यांसमोर वाढलेला. तिला काकी म्हणतो. काम होतं झाडणं, चहा करणं आणि गाडीचे सुटे भाग डिझेलमध्ये धुणं.

धुता धुता ती शिकली. कुठला नट कुणाच्या हातून आला ते तिला खुणेवरून कळे. मिठात राहिलेलं लोखंड फुगतं, ते ओढलं की तुटतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. एके दुपारी गॅरेजचा मिस्त्री जीवन एका बोल्टला शिव्या देऊन जेवायला गेला. तो हात धुऊन आला तेव्हा बोल्ट कागदावर काढून ठेवलेला होता. त्या दिवसापासून अडलेलं सगळं तिच्याकडे जाऊ लागलं. सात वर्षं गेली. काम मिस्त्रीचं, मजुरी मात्र झाडणारीचीच. तिने परेशला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "बघू, काकी."

दोन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सोमवारी ठमाबाईची व्हॅन आली. ठमाबाई उरणची कोळीण. करंजाच्या धक्क्यावरून मासळी भरायची आणि पनवेलच्या बाजारात विकायची, हा तिचा रोजचा धंदा. व्हॅन सोळा वर्षांची. बुधवारी सकाळी तिची सरकारी तपासणी होती. लोक त्याला पासिंग म्हणतात. डाव्या पुढच्या चाकाचा ब्रेक लागत नव्हता. ब्रेक बघायचा तर चाक काढायला हवं. चाकाला चार नट. जीवनने एक काढला. बाकीच्या तिन्हींवर त्याने घाईत पान्याला लांब पाइप लावून जोर केला. पाना सरकला आणि तिन्ही नटांचे कोपरे गेले. नट गोल झाले की पान्याला धरायला काही उरत नाही.

जीवन म्हणाला, "गॅसने कापावे लागतील."

"नी मंग?" ठमाबाईने विचारलं.

"मग चाक ज्यावर बसतं तो आतला हबही खराब होईल. या गाडीचा हब आता मिळत नाही."

"म्हनजे गाडी भंगारात?"

जीवनने हातातला पाइप बाजूला ठेवला.

"तुना गाडी चालती करायला दिली का मारायला दिली रे? बाजारात मी बरफाच्या टोपल्या डोक्यावं नेऊ?"

वेणू चाकापाशी बसली होती. तिने नखाने नट खरवडला. नखात लालसर पिवळं काहीतरी आलं. तिने विचारलं, "ठमाबाय, नारल कंच्या चाकावं फोडतंस?"

"याच. डाव्या. का गो?"

"कवा कवा?"

"दर आवसेला. दसऱ्याला. नारली पुनवेला. पानी चाकावं ओततंय, हलद-कुकू लावतंय. का, देवाला चालत नाय?"

"देवाला चालतं. नटाला चालत नाय. सोला वर्सांत दोनशे नारल पिलेत या चाकानं."

"माज्या मालकानं पिले असते त पैलवान झाला असता मेला," ठमाबाई म्हणाली, आणि जीवनसुद्धा हसला.

पण गोष्ट खरी होती. नारळाचं पाणी, हळद, कुंकू, तांदूळ आणि मासळीच्या बर्फाचं खारं पाणी यांचा नटाभोवती दगडासारखा थर झाला होता. जीवनने तेल ओतलं होतं ते या थरावरूनच ओघळून गेलं. नटापर्यंत पोचलंच नाही.

वेणू उठली आणि परेशसमोर उभी राहिली. "मी काढतंय तिन्ही. निघाले त मना मिस्त्रीची मजुरी."

"काकी, एका चाकासाठी?"

"एका चाकासाठी नाय. सात वर्सांसाठी."

परेशने हसण्यावारी नेलं असतं, पण ठमाबाई मध्ये पडली. "बोल रे परेस. माज्यासमोर बोल. मी बाजारात बसतंय, माजा आवाज तुज्या घरापरत जाईल."

परेश म्हणाला, "ठीक. गॅस न लावता, काही न मोडता तिन्ही निघाले तर पुढच्या महिन्यापासून मिस्त्रीची मजुरी. मोडलं तर पुन्हा विषय काढायचा नाही."

"ठरला," वेणू म्हणाली.

तिने तारेचा ब्रश घेतला तशी ठमाबाई ओरडली, "अगो, कुकू हाय ते!" वेणूने ब्रश खाली ठेवला. चाकाखाली वर्तमानपत्र पसरलं आणि खिळ्याच्या टोकाने तो थर खपली खपली करत काढला. त्याला दीड तास गेला. शेवटी पुडी बांधून ठमाबाईच्या हातात दिली. "खाडीत सोड. पुढल्या टायमाला नारल जमिनीवं फोड." ठमाबाईने पुडी डोळ्यांना लावली आणि कमरेला खोचली.

त्या संध्याकाळी तेल. मंगळवारी साडेपाचला पुन्हा तेल. साडेसातला ती परत येऊन तिसऱ्यांदा सोडून गेली.

मंगळवारी मी समोरच्या टपरीवर होतो. काम दिसत होतं, म्हणून उठलो नाही. पहिल्या नटावर तिने मापाला एक नंबर लहान असलेला, टोपीसारखा बसणारा गोटी पाना हातोडीने ठोकून घट्ट बसवला. आधी सोडायच्या दिशेने नाही फिरवला. किंचित आवळला. केसभर. गंज तुटल्याचा बारीक आवाज आला, तेव्हा उलटा फिरवला. नट आला. जोर करणाऱ्याला हे सुचत नाही.

दुसऱ्यावर गोटी बसेना. तिने कानस घेतली आणि गोल नटाला समोरासमोर दोन सपाट बाजू घासून काढल्या. चाकाच्या खाचेत कानस पुरती फिरत नाही. दोन बोटांचा घास, परत मागे, पुन्हा दोन बोटं. सव्वादोन तास. मध्ये ती एकदा पाणी प्यायली. मग त्या सपाट बाजूंवर पाना धरला आणि नट सुटला.

तिसऱ्याला घासायला धातूच उरला नव्हता. तिने जीवनला सांगून त्यावर दुसरा मोठा नट विजेच्या वेल्डिंगने चिकटवून घेतला. तो निवेपर्यंत थांबली. पाना लावला. आवळला. आवाज आला. उलटा फिरवला. अर्धा फेरा सरळ आला, पुढचा अर्धाही आला, आणि मग खट् झालं. नट हातात आला, पण ज्या दांड्यावर तो बसतो तो स्टडही निम्म्यातून तुटून नटातच अडकून आला होता.

परेश तेव्हा आत फोनवर होता. जीवन खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "फळीवर नवा स्टड आहे. आता चाक निघालंय, दहा मिनिटांत ठोकून बसवतो. कुणाला कळणार नाही."

"तुना कललं ना?"

तिने हात पुसले, तुटका तुकडा घेतला आणि परेशच्या टेबलावर ठेवला. "दोन निघाले. तिसरा मोडला."

परेशने तुकडा पाहिला, तिच्याकडे पाहिलं. "शर्त काय होती, काकी?"

"मना ठावं हाय," ती म्हणाली आणि नवा स्टड घ्यायला फळीकडे वळली.

जीवन दारात उभा होता. तो तसा कमी बोलणारा, आणि चूक कबूल करणाऱ्यांतला तर अजिबात नव्हे. तो म्हणाला, "नट मी गोल केले. पाइप मी लावला. सोळा वर्षांचा स्टड, त्याला मी आधीच पिळला होता. मोडला तो माझ्या हाताने."

"मग?"

"मग काही नाही. इथून पुढे गोल झालेल्या नटाला मी हात लावणार नाही. तिलाही लावू देणार नाही, हेल्परने मिस्त्रीचं काम करू नये. तू मालक आहेस. तू काढ."

परेश म्हणाला, "धमकी देतो का?"

"कामाची वाटणी सांगतोय."

ठमाबाई बाकावर बसून सगळं ऐकत होती. तिने फक्त विचारलं, "परेस, तू सोरशील का रे नट? मना बघायचाय." परेशने आपल्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं आणि त्याला हसू आलं. काही वेळ तो तुटका तुकडा टेबलावर गोल फिरवत राहिला. मग म्हणाला, "काकी, एक तारखेपासून मिस्त्रीची मजुरी. आणि मोडल्याचं तुम्ही येऊन सांगितलंत म्हणून. त्याने सांगितलं असतं का?" त्याने जीवनकडे बोट केलं. जीवन म्हणाला, "मी तर लपवत होतो," आणि ब्रेक उघडायला निघून गेला.

संध्याकाळपर्यंत चाक बसलं. बुधवारी व्हॅन पास झाली.

आता वेणूला मिस्त्रीची मजुरी मिळते. त्या वाढीव पैशांचं तिने काय केलं ते गावात कुणाला कळलं नाही, कारण दाखवण्यासारखं तिने काही घेतलंच नाही. महादेवचे दात दोन-चार सोडले तर सगळे पडले होते. तीन वर्षं तो कालवणात भात कुस्करून खात होता आणि चारचौघांत हसताना तोंडावर हात धरत होता. वेणू अकरा महिने वाढीव मजुरीला हात न लावता राहिली आणि त्याला पनवेलला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. राहिलेले दात काढले, कवळीची मापं झाली, चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला तो तोंड मिटून घरी आला आणि ओट्यावर बसून एकदम हसला.

"बघ गो. कसा दिसतंय?"

"रस्त्यावं हसू नको. पोरं पलतील."

डॉक्टरने महिनाभर कडक काही खायचं नाही म्हणून बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याने चिंबोरीची नांगी फोडली. वेणू ओरडली, तोवर तो चावून मोकळा झाला होता. कवळी टिकली. वरची आणि खालची, दोन्ही वेणूच्या मजुरीतली.