फ्यूजच्या जागी तार

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना माझा थोरला भाऊ पोवाडे म्हणायचा आणि मी लाउडस्पीकर सांभाळायचो. लालबागच्या एका सभेत तो गात असतानाच अ‍ॅम्प्लिफायरमधून धूर निघाला आणि आवाज बंद पडला. भावाच्या अंगात ताप होता, तरी तो थांबला नाही. मागच्या माणसाला ऐकू जावं म्हणून तासभर घसा फोडून गायला.

दुसऱ्या दिवशी परळच्या आमच्या खोलीत मी अ‍ॅम्प्लिफायर उघडला. कंडेन्सर शॉर्ट होऊन व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर जळले होते. सभेआधी आठवडाभर फ्यूज सारखा उडत होता. तेव्हाच कंडेन्सर बदलायला हवा होता, पण मी कंटाळून फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार घातली होती.

आठ दिवसांत मी तो दुरुस्त केला. भावाचा घसा मात्र बसला तो बसलाच. डॉक्टरांनी गाणं कायमचं बंद करायला सांगितलं, त्या संध्याकाळी मी त्याला तारेचं सांगून टाकलं.

तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सभा पुरी झाली ना रे? मग झालं तर."

पुढच्या सभांना तो माझ्याशेजारी बसायचा. दुसरा कुणी गाऊ लागला की याचे ओठ हलायचे, आणि मी मान खाली घालायचो.