मंदाताईंनी राखलेली मापं

ब्लाउजचा आराखडा संगणकावर पुरा झाला, तरी मंदाताई उठत नसत. तोच आराखडा त्या तीनदा सेव्ह करीत. एक फाइल आमच्या सॉफ्टवेअरची. तिच्यात मापं बदलता येत. दुसरी कापणीच्या मशीनची. तिच्यात नुसती कडेची रेघ. तिसरी पीडीएफ, कागदावर छापायला. घोडेगावच्या त्या शिवण केंद्रात मी नवी होते. मला हा वेळकाढूपणा वाटे. त्या म्हणत, "फाइल आपल्यापुरती ठिवायची न्हाई. उद्या आपण नसलो, तर दुसऱ्याला उघडाय पायजे."

मंदाताई शिनोलीच्या. निम्मं आयुष्य हातशिवणीत गेलं आणि पन्नाशीला त्यांनी माउस धरला. चुकलं की स्वतःशीच हसत, "मशीनला काय लाजायचं, राव."

एकदा आणे गावाहून हिराबाई आल्या. घर मेंढरं राखणारं. कॅन्सरच्या ऑपरेशनात त्यांचा एक स्तन काढला होता. भर उन्हाळ्यात अंगावर शाल. मंदाताईंनी दार लावलं. मी मापं लिहून घेत होते. हिराबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"दोन्ही बाजू सारख्या दिसतील का, ताई?"

"दिसतील. पण आदी तुमाला टोचणार नाय, असं बघू."

एरवी आम्ही अर्धाच भाग काढायचो. उरलेला अर्धा संगणक आरशासारखा काढून द्यायचा. मंदाताईंनी दोन्ही बाजू वेगळ्या काढल्या, आत मऊ गादीसाठी कप्पा ठेवला. ब्लाउज घालून हिराबाई निघाल्या, तेव्हा शाल त्यांच्या हातात होती.

पुढे केंद्राच्या मालकांनी नवं सॉफ्टवेअर आणलं. त्यात जुन्या फाइली उघडेनात. मंदाताई जुन्या संगणकावर एकेक फाइल उघडून नव्याला वाचता येईल अशा प्रकारात सेव्ह करू लागल्या. मालक म्हणाले, "कशाला एवढा खटाटोप? गिऱ्हाइकांची मापं परत घेऊ."

"बाकीच्यांची घ्या," मंदाताई म्हणाल्या. "हिराबाईला परत त्या भिंतीपाशी उभं करू नका."

मालकांनी जुना संगणक तेवढे दिवस राहू दिला. काम पुरं झालं.

त्याच हिवाळ्यात मंदाताई झोपेतच गेल्या.

काही महिन्यांनी हिराबाईंचा फोन आला. ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजला होता, बाही दाटत होती आणि मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. त्यांनी विचारलं, "परत सगळं माप द्यायला लागंल का?"

"नाही. फक्त दंडाचं सांगा."

मी फाइल उघडली, बाही आणि ती जिथे जोडतात तो काखेजवळचा मुंढा सैल केला आणि नवा ब्लाउज एसटीने पाठवला.

लग्नानंतर पुन्हा फोन आला. "मंदाताईंना द्या."

मंदाताई गेल्याचं मी सांगितलं.

"मग तुमाला सांगते," हिराबाई म्हणाल्या. "हात वर गेला. पोरीवर अक्षता टाकल्या मी."