आतोबांचा राजीनामा

संबंध माळव्यात आमच्या आतोबांइतका रागीट माणूस झाला नाही, आणि माणसांवर इतका कमी रागावणाराही झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ते रागवायचे ते भिंतींवर, चौकटींवर, भेगाळलेल्या चुन्यावर, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. एखाद्या माणसाची पाळी आलीच तर त्याने कुठेतरी वेडीवाकडी खिडकी ठेवली असेल म्हणूनच. देवासला संस्थानच्या एका शाळेत ते भूमिती शिकवीत. दिवसभर मुलांना काटकोन शिकवायचा आणि संध्याकाळी घरी येताना गावात तो कुठे कुठे चुकला आहे हे पाहत यायचे, असा त्यांचा क्रम. त्यामुळे दहा मिनिटांच्या वाटेला त्यांना तास लागे. "या गावात सरळ उभं काही असेल तर ती टेकरी, आणि ती माणसानं बांधलेली नाही," असे ते येईल त्याला ऐकवीत. ऐकणाऱ्याचे घर जवळच असेल तर तो बिचारा मुकाट्याने पुढे चालू लागे.

त्यांना व्यसन एकच होते, घर बांधण्याचे. मोकळी जागा घ्यायची, तिच्यावर स्वतः घर उभे करायचे, त्यात राहायचे, आणि घर मनासारखे झाले की ते विकून दुसरी मोकळी जागा शोधायची. चौदा वर्षांत त्यांनी सहा घरे बांधली. आत्या म्हणे, "बाकीच्या बायका संसार करतात रे, मी मुक्काम करते." पायाचा पहिला दगड बसण्यापूर्वी आतोबा त्या उघड्या जागेवर, जिथे स्वयंपाकघर यायचे तिथे, पाट मांडून आत्याला बसवीत आणि भर दुपारी तिला पोळी लाटल्याचे सोंग करायला लावीत. उजेड हातावर पडतो की पाठीवर, हे बघायचे असे. रस्त्याने जाणारे-येणारे थांबत. नऊवारीतली एक सभ्य बाई माळावर हवेतली पोळी लाटते आहे आणि समोर पागोटे घातलेला एक गृहस्थ "आता उलटव" म्हणून ओरडतो आहे, हा देखावा देवासने सहा वेळा पाहिला. आत्याही काही कमी नव्हती. एकदा तिने हवेतला घास करून त्यांच्या पुढे धरला आणि विचारले, "मीठ बरोबर आहे का?"

सुरुवातीला ते गवंडी लावीत. पण ओळंबा स्वतःच्या हातात धरून ते गवंड्याच्या खांद्याशी उभे राहत, आणि दोरी केसभर हलली की अशी काही गर्जना करीत की गवंड्याच्या हातून वीट सुटे. चार गवंडी पळाले. पाचवा होता एक म्हातारा माळवी कारागीर. त्याने तीन दिवस ऐकून घेतले, चौथ्या दिवशी थापी खाली ठेवली आणि शांतपणे विचारले, "मास्टर साब, भींत म्हूं बणाऊं के तम?" आतोबा म्हणाले, "हम!" तेव्हापासून चुना मळण्यापासून छपरावर कवेलू म्हणजे कौले चढवण्यापर्यंत सारे काम ते स्वतः करू लागले. सुट्टीच्या दिवशी धोतराचा काचा मारलेला, दाढीला चुना लागलेला हा भूमितीचा मास्तर परांचीवर उभा राहून स्वतःलाच शिव्या देताना दिसे, कारण आता चुकणारा गवंडीही तोच होता.

घर विकताना ते गिऱ्हाइकाची परीक्षा घेत. लोणच्याची बरणी कुठे ठेवाल? म्हातारं माणूस आजारी पडलं तर त्याचं अंथरूण कुठल्या खोलीत? ज्याला सांगता येत नसे त्याला दारातूनच परत. आणि विकल्यावरही घर त्यांच्या मनातून उतरत नसे. मनात येईल तेव्हा जुन्या घरी जायचे, न विचारता आत शिरायचे, दाराची कडी वाजवून पाहायची. एका व्यापाऱ्याने शेवटी हात जोडून सांगितले, "मास्टरजी, घर अब हमारा है." आतोबा म्हणाले, "घर तुम्हारा है भिया, भिंत मेरी है." आणि त्या माणसाने भिंतीत ठोकलेला खिळा उपटून खिशात घालून निघून आले.

अशा माणसाच्या वाटेला दरबारचा नियम आला.

आमच्या गावात तेव्हा दोन राज्ये होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. यातल्या कुठल्या पातीत हा नियम निघाला ते मी सांगणार नाही, नाहीतर त्यांचे नातूपणतू काठी घेऊन यायचे. नियम असा की, जो स्वतःच्या राहण्यासाठी घर बांधील त्याला परवाना नको. जो विकण्यासाठी बांधील त्याने परवाना घ्यावा. आणि राहण्यासाठी बांधले असे सांगून तीन वर्षांच्या आत जो ते विकील, त्याचे घर जप्त करावे. निमित्त खरे होते. एका ठेकेदाराने गाऱ्यावर चुन्याचा हात फिरवून विकलेली घरे वर्षभरात बसली होती. पण मला आजही संताप येतो तो याचा की, नियम निघाल्यावर पहिला परवाना मिळाला तो त्याच ठेकेदाराला! त्याला नकाशे काढून देणारे लोक होते, अर्ज लिहिणारे लोक होते, कचेरीत बसायला लोड होता. नियम लबाडासाठी करायचा आणि तो पाळायला लावायचा सरळ माणसाला, ही विद्या आमच्या कचेऱ्यांना कोणी शिकवावी लागली नाही.

आतोबांचे सहावे घर तेव्हा नुकतेच पुरे झाले होते. ते माझ्या घराला लागून होते, आमची मधली भिंत एकच. हे घर त्यांनी बागलीच्या एका वैद्यबुवांना देण्याचे कबूल केले होते. वैद्यबुवा परीक्षेत पहिल्या झटक्याला उतरले होते, इतकेच नव्हे तर औषधांच्या बाटल्यांना ऊन लागता कामा नये म्हणून फडताळ उत्तरेच्या भिंतीत हवे, असे त्यांनीच उलट आतोबांना सुनावले होते. आतोबा इतके खूष झाले की त्यांनी बांधलेली भिंत फोडून फडताळ हलवले. वैद्यबुवा बागलीचे बिऱ्हाड आवरून बसले होते. शब्द दिलेला होता. आता परवाना नसेल तर घर विकता येत नव्हते, आणि विकता येत नसेल तर आतोबांच्या लेखी पुढे जगण्याला अर्थ नव्हता. मी म्हटले, "आतोबा, पुढचं घर रस्त्यापलीकडे दुसऱ्या पातीत बांधा, तिथं हा नियम नाही. वैद्यबुवा तीन वर्षं थांबतील." ते माझ्यावर डाफरले. "मी काय चोर आहे, रस्ता ओलांडून पळायला?"

मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. तिथला मुन्शी जातिवंत माळवी, तोंडात पान, गादीवर एक पाय दुमडलेला. त्याने अर्ज पाहिला आणि विचारले, उस्तादाचे नाव काय? कोणाच्या हाताखाली शिकलात? आतोबा म्हणाले, "लिहा. माझ्या पडलेल्या तीन भिंती." मुन्शीने ते खरोखर लिहून घेतले. मग नकाशा पाहिला, मान डोलावली आणि म्हणाला, "सब ठीक हे मास्टर साब. बस, राजीनामो लइ आवो, ने परवानो लइ जावो."

आतोबा जागच्या जागी ताठ झाले. मीही झालो. राजीनामा आणा आणि परवाना न्या! म्हणजे मास्तराला घर विकता येणार नाही. एक तर शाळा, नाहीतर थापी. परतीच्या वाटेवर त्या दिवशी त्यांनी एकाही भिंतीकडे पाहिले नाही. घरी येऊन त्यांनी दौत-टाक घेतला आणि राजीनामा लिहायला बसले. आत्या दाराशी येऊन म्हणाली, "अहो, एकदा पुन्हा विचारून तरी या." मी काय म्हणालो असेन? मी पागेवरचा कारकून, माझा संबंध घोड्यांशी आणि वैरणीशी, पण मराठी लिहिण्याची मला भारी घमेंड. मी म्हणालो, "आत्या, अशा वेळी मागं फिरायचं नसतं." आतोबांनी लिहिले, "मास्तराने घर बांधणे हा गुन्हा ठरत असेल, तर मी मास्तर राहत नाही. कारण भिंत मी हातांनी बांधतो, आणि हात शाळेत ठेवून घरी येता येत नाही." मला ते फार आवडले. पण शेवट जरा ढिला वाटला म्हणून मी एक वाक्य सुचवले, "हा राजीनामा कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही." आतोबा म्हणाले, "झकास!" आणि ते वाक्य त्यांनी जाड अक्षरात घातले.

दरबारात कागद हलायला महिने लागत. हा कागद एका दुपारी मंजूर झाला. शाळेच्या ओसरीचे खांब तिरके आहेत हे हेडमास्तर साहेबांनी आतोबांकडून अकरा वर्षे ऐकले होते, त्यांनी सहीला क्षणाचा उशीर केला नाही. मंजुरीचा कागद घेऊन आम्ही ऐटीत कचेरीत गेलो. मुन्शीने तो वाचला, पुन्हा वाचला, तोंडातले पान बाहेर जाऊन थुंकून आला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे मास्टर साब, यो कंई कर्यो? राजीनामो पड़ोसी को चइये थो! के उके कंई एतराज नी हे. नौकरी छोड़वा की कुण ने की थी?"

शेजाऱ्याची लेखी संमती, त्याला या लोकांच्या बोलीत राजीनामा म्हणतात. तो राजी आहे, त्याचा कागद, म्हणून राजीनामा. मी माळव्यात जन्मलो, माळव्यात वाढलो, भाजीवाल्याशी माळवीत भांडलो. पण त्या दिवशी तो शब्द मी आमच्या ओसरीवरच्या मराठीत ऐकला. आणि शेजारी कोण? मी! दोन ओळींचा कागद हवा होता, तोही माझा. मुन्शीच्याच गादीवर बसून, त्याच्याच दौतीत टाक बुडवून, मी तो तिथल्या तिथे लिहून दिला असता. तो मी दिला नाही, आणि त्यांच्या नोकरीच्या कागदाला मात्र शेवटचे वाक्य दिले. नियम करणाऱ्यांचा मला राग आहेच, त्या पान खाणाऱ्याचाही आहे, की "शेजाऱ्याचा" हा एक शब्द त्याला आधी उच्चारता आला नाही. पण माझा स्वतःवरचा राग या सगळ्यांच्या वर आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

मी हेडमास्तरांकडे धावलो. त्यांनी माझेच वाक्य बोटाने दाखवले आणि म्हणाले, "इथे स्पष्ट लिहिले आहे." मग मी आतोबांच्या पाया पडलो. म्हटले, दिवाणसाहेबांकडे अर्ज करू, शब्दाचा घोटाळा झाला असे सांगू, ते वाक्य माझे होते असे मी सांगतो. मला वाटले होते, आज ते माझ्यावर खरेच रागावतील. रागावायला हवे होते. पण ते म्हणाले, "वाक्य चांगलं आहे रे. चांगलं वाक्य काय म्हणून खोडायचं?" आणि उठून अंगणात गेले. त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी एकही मोठा शब्द ऐकला नाही, आणि आत्या आत स्वयंपाकघरात भांडी आपटत होती, ती त्यांच्या वाटचे रागावत होती.

मग तो शेजाऱ्याचा कागद लिहायचा राहिला होता. परवाना हवा होता, वैद्यबुवा बैलगाडी ठरवून वाट पाहत होते. मी लिहिले, "सदरहू गृहस्थांनी माझ्या घरास लागून घर बांधून ते कोणासही विकण्यास माझी काही हरकत नाही. मी राजीखुशीने लिहून देत आहे." आतोबांना वाचून दाखवले. ते खांबाला टेकून बसले होते. शाळा नव्हती, तेव्हा देवासमध्ये थांबण्याचे कारण उरले नव्हते. धार संस्थानात, तिरल्याच्या वाटेवर, त्यांनी एक मोकळी जागा पाहून ठेवली होती. तिकडे असला नियम नव्हता.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. मी वाचले.

"राजीखुशीने?"

"असं लिहावं लागतं, आतोबा."

"हं," ते म्हणाले. "आमच्या जागी तिथं दुसरं कोणी राहील, याची तुला काही हरकत नाही?"

मी खाली मान घालून सही केली. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, शाई वाळेपर्यंत हळूहळू फुंकर घातली, आणि घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला.

परवाना मिळाला. पंधरा दिवसांत ते दोघे धारेला गेले. वैद्यबुवा शेजारी आले, फार भले गृहस्थ, आम्हाला कधी तक्रारीला जागा दिली नाही. आत्याची पत्रे येत, त्यात घर कुठवर आले ते असे, आणि तिसऱ्या वर्षी आले त्या पत्रात घराचे नव्हते, आतोबा गेल्याचे होते. पत्र वाचून झाल्यावर मी कचेरीत गेलो आणि त्या मुन्शीला माझा तो जुना कागद दप्तरातून काढून दाखवायला लावला. अक्षर माझेच होते, सही माझीच होती. मी राजी आहे, असे त्यात लिहिले होते. ते खोटे होते.