कुणी न नेलेले चेहरे

गेलेल्या माणसाचं चित्र काढून घ्यायला कुणी आलं, की वत्सलाताई फोटो हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारायच्या, "कुणावर चिडायचे ते?" लोक गोंधळायचे. घरून ते माणसाचे गुण सांगायच्या तयारीनं आलेले असत. मग कुणीतरी हळूच म्हणायचं, "आईवर. भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचे." ताई मान हलवायच्या आणि मगच फोटो बघायच्या. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "मेल्यावर समदे सारखेच चांगले होत्यात. मग चित्र काढावं तर कुणाचं?"

आखाडा बाळापूरला बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान आणि माझं झेरॉक्स-ऑनलाईन अर्जांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती. त्यांचे वडील विहारातल्या बुद्धमूर्ती रंगवायचे. रंग कालवायला ताई त्यांच्याकडंच शिकल्या. लग्न केलं नाही. दुकानात त्या, टर्पेंटाईनचा वास आणि भिंतीवर गेलेली माणसं.

मग मोबाईलमधल्या फोटोला रंगचित्राचा मुलामा देऊन तासाभरात छापून द्यायची सोय झाली आणि ताईंचं काम आटलं. एका दुपारी त्या चहा घेऊन माझ्याकडं आल्या. "मला वेबसाईट काढून दे. पैसा लागू द्यायचा न्हाई, आन् फुकटातली हाय असं दिसूबी द्यायचं न्हाई."

फुकट वेबसाईट काढणं अवघड नसतं. तयार नमुने असतात, त्यातला एक निवडायचा आणि आपला मजकूर भरायचा. पत्त्यात त्या कंपनीचं नाव येतं, खाली जाहिरातीची एक पट्टी राहते, तेवढं सोसायचं. मी भडक, हलणारी चित्रं असलेला नमुना दाखवला. ताईंनी तो बघितलाही नाही पुरता. "चेहऱ्याला जागा लागती. भवताली गर्दी कशाला?" शेवटी पांढरा, मोकळा नमुना ठरला. अक्षर एकाच वळणाचं, रंग दोनच. चित्रांचे फोटो मी माझ्या मोबाईलवर काढले, उन्हात नाही तर भिंतीच्या सावलीत, मागं पांढरी चादर लावून, सगळे एकाच अंतरावरून. संगणकावर एकाखाली एक मांडले तेव्हा मलाच खरं वाटेना. मोठ्या शहरातल्या एखाद्या चित्रकाराची वेबसाईट वाटावी अशी ती दिसत होती.

अडचण एकच होती. चांगली चित्रं लोक घरी घेऊन गेलेले. दुकानात उरली होती ती कुणी न्यायला न आलेली. कुणी ऊसतोडीला गेले ते परतले नाहीत, कुणाच्या घरी वाटणीवरून भांडणं झाली, कुणाचं काय झालं ते कळलंच नाही. ताई दर आठवड्याला त्या चित्रांवरची धूळ पुसायच्या.

"हीच टाक," त्या म्हणाल्या.

"ताई, लोकांची माणसं आहेत. न विचारता कशी टाकायची?"

"विचारायला ते येऊन राहिले का? टाक. खाली लिही, ही गेलेली माणसं हायेत, तुमचं माणूस असंल तर घेऊन जा."

मी तसं लिहिलं. काम मिळावं म्हणून काढलेली वेबसाईट अशी हरवलेल्यांची झाली. गावातल्या मुलांनी ती एकमेकांना पाठवली. पाठोपाठ दोन घरं आली आणि आपली माणसं घेऊन गेली.

उन्हाळ्यात एक बाई माझ्या दुकानात आली. तिनं मोबाईल पुढं धरला. "हे चित्र कुणी काढलं?"

पडद्यावर दोन वेण्या घातलेली मुलगी होती. हे चित्र मी रोज पाहायचो, ताईंच्या भिंतीवर कोपऱ्यात असायचं ते. मी मोबाईलकडं पाहिलं, मग बाईकडं. हनुवटीवरचा तीळ तोच होता.

"मी सुरेखा," ती म्हणाली. "मी कवा मेले ते विचारायला आले."

मी तिला ताईंकडं नेलं. ताईंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि जे होतं ते सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी औंढ्याकडच्या एका गावातून तिचे वडील आले होते. लेक वारली म्हणाले, शाळेतला फोटो दिला. ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, कुणावर चिडायची ती. ते म्हणाले, "माझ्यावर. एकट्या माझ्यावर." ते परत आले नाहीत.

सुरेखानं दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न केलं होतं आणि ती पुण्याला राहायला गेली होती. घरी तिच्या नावानं आंघोळी केल्या, हे तिला ठाऊक होतं. चित्राचं ठाऊक नव्हतं.

"बाबा स्वतः आले होते?" तिनं विचारलं.

"स्वतः."

ती रडली नाही. चित्रातल्या स्वतःकडं पाहत राहिली. ताई उठल्या, चित्र भिंतीवरून काढून, रंगवताना टेकवायला असते त्या लाकडी घोडीवर ठेवलं. "दोनचार दिस हाईस का इथं? मी जित्या माणसाचं चित्र असं मेल्यावानी ठिवत न्हाई."

सुरेखा मैत्रिणीकडं राहिली आणि रोज दुपारी येऊन बसायची. ताईंनी त्याच कापडावर तिची वर्षं चढवली. वेण्या पुसल्या, गालाची हाडं वर आणली, कानाजवळ पांढरे केस दिले. डोळे तेवढे तसेच ठेवले. जुनं चित्र वेबसाईटवरून काढून मी नवं लावलं. "खाली काय लिहायचं?" मी विचारलं. ताईंनी सुरेखाकडं पाहिलं.

"खरं हाय ते लिहा," ती म्हणाली.

मी लिहिलं: ही बाई जिवंत आहे.

चित्र ताईंकडंच ठेवून ती पुण्याला गेली. तिच्या गावातल्या मोबाईलांवर ते चित्र फिरायला वेळ लागला नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी तिचे वडील आले. उंच, वाकलेले, धोतर नेसलेले. येऊन बाकावर बसले.

"ते काढून टाका," ते ताईंना म्हणाले.

"काहून? खोटं हाय का?"

त्यांची नजर घोडीवरच्या चित्राकडं गेली होती. "केस पिकले तिचे?"

"थोडे. समोर बसवून काढलंय."

"तुमी बघितली तिला?"

"तुमी बसलाव ना, तिथंच बसली व्हती."

ते बाकावर अंग चोरून सरकले. दुपारभर तिथंच होते. जाताना ताईंनी चित्र गुंडाळायला घेतलं तर म्हणाले, "न्यू कुठं? घरी तर ती मेली म्हणून सांगितलंय मी." आणि रिकाम्या हातांनी गेले.

त्यानंतर ते दर बाजारला यायचे, चित्रासमोर बसायचे आणि शेवटच्या गाडीच्या आधी उठायचे. ताई कधी बोलल्या नाहीत. मी चिडून एकदा म्हणालो, "त्यांना सांगा तरी काहीतरी." त्या म्हणाल्या, "माणूस बघून राहिलं की आपण मधी उभं राहू न्हाई."

थंडीत ताईंना न्यूमोनिया झाला. नांदेडला नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत. जलदान विधी झाल्यावर त्यांच्या भावानं दुकान रिकामं केलं. चित्रं मी माझ्याकडं आणली आणि झेरॉक्स मशीनच्या वरच्या भिंतीवर लावली. गिऱ्हाईकं आत आली की आवाज खाली आणतात.

बाजारच्या दिवशी सुरेखाचे वडील बंद शटरसमोर उभे दिसले. मी त्यांना हाक मारली. ताई गेल्याचं ऐकून ते खाली बसले. मग उठले आणि म्हणाले, "द्या ते चित्र."

मी कागद शोधत होतो. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून चित्राला गुंडाळलं आणि लेकरू घ्यावं तसं काखेत घेतलं.

"घरी काय सांगाल?" मी विचारलं.

"सांगतो, लेक आली म्हणून."

ते गेले. मी वेबसाईटवरून तिचं पान काढलं. बाकीचे चेहरे अजून आहेत. कोणतं पान किती वेळा उघडलं जातं हे मला संगणकावर दिसतं. फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्याचं पान रोज दुपारी कुणीतरी उघडतं, बराच वेळ थांबतं आणि निघून जातं. फोन येत नाही. दुपार झाली की मी मशीन बंद ठेवतो आणि कुणी आलंच तर म्हणून त्या चित्राखाली बसून राहतो.