करपलेली जास्वंद

पारोळ्याजवळ रस्त्याकडेला एका बाईंची नर्सरी आहे. मे महिन्यात वादळानं त्यांची हिरवी जाळी फाटली आणि पाठोपाठच्या उन्हात सगळी शोभेची रोपं करपली. मी जास्वंद घ्यायला गेलो, तेव्हा त्या कात्रीनं एकेक फांदी बुडापर्यंत छाटत बसल्या होत्या.

"आता कसं हो अक्का?" मी विचारलं.

"मूळ जित्तं शे ना भाऊ. पानी देसू," त्या मान वर न करता म्हणाल्या.

मी त्यातलंच एक रोप मागितलं. त्यांनी दिलं नाही.

"फूल येवू दे, मंग लई जा."

श्रावणात पुन्हा गेलो. त्या रोपावर लाल जास्वंद उमलली होती. कुंडी माझ्या हातात देण्याआधी त्यांनी ते पहिलं फूल खुडलं आणि स्वतःच्या अंबाड्यात खोवलं.